पहिलं सुंभ

८ एप्रिल १९३४, रविवार

नवी वही सुरू. नवी म्हणजे पोस्टातली रद्द झालेली नोंदवही, मागची पानं कोरी. पोस्टमास्तर ‘घेऊन जा’ म्हणाले म्हणून आणली. उगाच उचलली असं कुणी म्हणायला नको.

मी भिमाजी, लोणावळा पोस्टात पोस्टमन. या चैत्रात नोकरीला वीस वर्षं झाली. वीस वर्षांत एकही पत्र चुकीच्या दारात टाकलेलं नाही. शालू म्हणते, हे साऱ्या गावाला सांगून झालं, आता वहीला सांगा.

चिंता एकच, घराची. कुसगावच्या वाटेवर आमचं चार खोल्यांचं घर आहे. मागच्या दोन खोल्या हवा खायला येणाऱ्या मुंबईकरांना भाड्यानं द्यायच्या म्हणून तीन वर्षांपूर्वी वाढवल्या आणि त्यापायी घर खंडाळ्याच्या कस्तुराबाईंकडे गहाण ठेवलं. बाईंची लाकडाची वखार आहे आणि आवाज वखारीतल्या करवतीसारखा. पुढं मंदी आली, मुंबईकरांनी हवा खायची सोडली. गहाणाची मुदत मे अखेर संपते. मग लिलाव होणार असं मी धरून चाललो आहे. बाई तसं बोललेल्या नाहीत, पण त्यांच्यापुढं जाऊन विचारायची माझी छाती होत नाही. घर गेलं तर शालूला घेऊन कुठं जायचं हा विचार आला की जेवण जात नाही. (आज दोन भाकऱ्या गेल्या. पण पिठलं चांगलं होतं.)

११ एप्रिल

देव पावला. स्टेशनासमोरच्या चहाच्या हॉटेलात एक गृहस्थ भेटले, महिपतराव. काळा कोट, कपाळाला गंध, हातात छापील कागदांनी फुगलेली चामडी पिशवी. पुण्यात ‘गृहसंरक्षक मंडळ’ आहे, त्याचे हे फिरते चिटणीस. गहाण पडलेली घरं लिलावातून सोडवणं हेच मंडळाचं काम. कितीतरी घरं सोडवली म्हणाले. मी विचारलं, एखाद्याचं नाव? तर म्हणाले, अब्रूदार माणसांची नावं सांगायची नसतात. हे मला फार पटलं. मीही कुणाला कुणाचं पत्र आलं ते सांगत नाही.

त्यांना घरी आणलं. शालूनं चहा दिला. साखर घालायला विसरली असावी.

१४ एप्रिल

महिपतरावांनी रीत समजावून दिली. फार सोपी आहे. घर नावापुरतं त्यांच्या नावे करायचं. घर माझं राहिलंच नाही तर लिलाव कसला? वर्षानं ते पुन्हा माझ्या नावे करून देणार. स्टँपाच्या कागदावर मी सही करायची आणि मग दोघांनी वडगावच्या कचेरीत जाऊन नोंदणी करायची. मंडळाची वर्गणी पंचवीस रुपये. शिवाय एक पथ्य: कस्तुराबाईंशी बोलायचं नाही, आणि त्यांचं पत्र आलं तर न उघडता महिपतरावांच्या हाती द्यायचं. ‘पत्र वाचलंत की कायद्यानं बांधले गेलात,’ ते म्हणाले. वीस वर्षं पोस्टात काढून मला हे ठाऊक नव्हतं.

शालूनं भाकरी थापता थापता सगळं ऐकलं. म्हणाली, ‘घर वाचवायला घरच दिऊन टाकायचं?’

मी म्हटलं, ‘अगं, नावापुरतं.’

‘मंग त्येंची पिशवी नावापुरती आपल्या नावावर करा म्हनावं.’

ती औंढ्याची, शाळेत गेली नाही. तिला कायदा कळत नाही, त्यात तिचा दोष नाही.

देखरेखीसाठी महिपतराव आमच्या मागच्या खोलीत राहायला आले आहेत. खोली हवेशीर आहे म्हणाले. मला बरं वाटलं.

१९ एप्रिल

पोस्टात थैली फोडली तर त्यात कस्तुराबाईंचं पाकीट. त्यांच्या कारकुनाचं अक्षर मी झोपेतही ओळखीन. माझंच नाव. हात भाजल्यासारखं झालं. घरी येऊन महिपतरावांना दिलं. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

दुपारी हॉटेलात बसून सही केली. साक्षीला हॉटेलवाला आणि एक हमाल. शालूला आधी सांगितलं नाही. ती रडेल असं वाटलं होतं.

२० एप्रिल

रडली नाही. सांगितलं तेव्हा तिनं परातीतलं पीठ असं काही मळलं की मला त्या पिठाची दया आली. मी म्हणालो, ‘घरातला कर्ता मी आहे, मला शिकवू नकोस.’ हे म्हणायला नको होतं. म्हणताना मोठं वाटलं आणि म्हटल्यावर फार लहान वाटलं.

संध्याकाळी तिनं महिपतरावांनाच विचारलं, ‘वडगावला कवा जायाचं?’

‘उद्याच, बाई.’

‘उद्या? पन आता अधिक महिना लागलाय. अधिकात घराचं काय करू न्हाई. तुमी तर येवडं गंध लावताय, तुमाला म्हाईत आसंलच.’

महिपतराव रोज सकाळी अंगणात तासभर मोठ्यानं स्तोत्रं म्हणतात, सगळी आळी ऐकते. त्यांना नाही कसं म्हणता येणार? महिना संपल्यावर जायचं ठरलं. म्हणजे मेच्या मध्यावर. त्यांचं तोंड जरा उतरलं, पण शालूनं उद्यापासून अनारसे करते म्हटल्यावर पुन्हा फुललं. अधिक महिन्यात जावयाला अनारसे वाढायचे असतात. आम्हाला लेक नाही, तेव्हा हौस भागेल.

२ मे

दुसरं पत्र. दिलं.

मुंबईचं एक कुटुंब खोल्या विचारत आलं होतं. मी बाहेर होतो. महिपतरावांनी त्यांना परत पाठवलं. भाडेकरू ठेवले तर कायद्याची गुंतागुंत होते म्हणाले. मला हळहळ वाटली. पण डॉक्टर आणला की औषध त्याचंच घ्यावं लागतं.

त्यांचा आजचा अनारशांचा आकडा चौदा. शालू मोजत नाही, मी मोजतो.

९ मे

तिसरं पत्र. हेही दिलं. आज पाकीट हातात धरून थोडा वेळ उभा राहिलो. वीस वर्षांत मी लोकांच्या दारात काय काय पोचवलं. वारल्याच्या तारा दिल्या, पोरगा झाल्याचीही पत्रं दिली. लोक माझ्यासमोर फोडून वाचायचे, रडायचे, मला गूळपाणी द्यायचे. आणि मी माझंच पत्र भिऊन दुसऱ्याला देतो. मनात आलं ते लिहिलं. महिपतरावांना हे सांगितलं नाही.

११ मे

शालू खंडाळ्याला मावशीकडे जाऊन आली. मावशी बरी आहे म्हणे. मला वाटत होतं मावशी हल्ली तळेगावला असते.

१३ मे, रविवार

शालू पहाटेच उठून औंढ्याच्या वरच्या वाडीला गेली, करवंदं आणायला. दुपारी रिकाम्या हातानं परत आली. मिळाली नाहीत म्हणाली. भर मे महिन्यात डोंगरात करवंदं नाहीत हे मी पहिल्यांदाच ऐकतो आहे. पण येताना गाणं गुणगुणत होती, म्हणून वाद घातला नाही. गेल्या महिन्याभरात तिचं गाणं ऐकलं नव्हतं.

वाडीवरचा नवसू परवा-तेरवा ताट्या बांधायला येईल असा निरोप तिनं आणला.

१६ मे

आजचं सगळं नीट लिहून काढायला हवं.

आमच्याकडे पावसाळा चारी बाजूंनी येतो, पण मार असतो पश्चिमेचा. म्हणून दर साल मेमध्ये पश्चिमेच्या भिंतीला गवताच्या ताट्या बांधतात, नाही तर श्रावणापर्यंत भिंत विरघळून जाईल. आमच्या ताट्या घर झाल्यापासून नवसू बांधतो. त्याच्या वाडीची एक रीत आहे. पहिल्या ताटीचं पहिलं सुंभ घराच्या मालकानं स्वतःच्या हातानं द्यायचं. दुसऱ्या कुणाच्या हातून तो घेत नाही. मागं एकदा मी तापानं आडवा होतो, तर चार दिवस थांबला होता.

सकाळी नवसू, त्याची बायको बाया आणि आणखी दोघं डोक्यावर ताट्या घेऊन आले. मी सुंभाची गुंडाळी घेऊन पुढं झालो. नवसूनं हात पुढं केला नाही.

‘भाऊ, येक इचारू? घर कुनाचं हाय?’

‘माझंच की.’

‘वाडीव आयकलं, म्हैपतरावांचं झालं.’

मी म्हटलं, नावापुरतं झालंय. नवसूनं डोकं खाजवलं. ‘नावापुरतं म्हंजी कसं, ते आमाला न्हाई कळत. सुंभ खऱ्या मालकाच्या हातनं पायजे. ताटी सुटली तर देव मला इचारंल.’ मग तो महिपतरावांकडे वळला. ते ओसरीवर अनारसा खात बसले होते. ‘सायेब, तुमीच सांगा. खरं मालक तुमी का भाऊ? भाऊ आसंल तर भाऊच्या हातनं घीन.’

शेजारची आठ-दहा माणसं जमली होती. महिपतराव उठले, हात पुसले आणि माझ्या हातातली गुंडाळी घेतली. मला वाटलं, गरीब माणसाचं मन राखायला घेतली.

‘घे,’ ते नवसूला म्हणाले.

नवसूनं दोन्ही हातांनी सुंभ घेतलं. ‘आन पुडच्या वर्साला कुनाकडं यायाचं, सायेब?’

‘माझ्याकडेच.’

‘आन त्येच्या पुडं?’

‘अरे, दर वर्षी. आणि हे बघ, पुढच्या साली ही चूल-खोली पाडून इथं बाग करायची आहे, तेव्हा इकडं ताट्या लागणार नाहीत.’

ते फार खुशीत बोलत होते. मी तिथंच उभा होतो. पुढच्या वर्षी या वेळेला घर माझ्या नावे परत व्हायचं होतं. मग पुढच्या साली सुंभ द्यायला हे कसे? आणि त्याच्या पुढच्या साली? आणि चूल-खोली पाडणारे हे कोण? त्या खोलीच्या भिंती शालूनं स्वतःच्या हातानं लिंपल्या आहेत.

हाताला लागलेले सुंभाचे धागे झटकत राहिलो.

शालू आतून आली, महिपतरावांच्या पानात आणखी दोन अनारसे वाढले आणि नवसूला पाणी दिलं. जाताना माझं चांगलं काठाचं धोतर त्याला देऊन टाकलं. दर वर्षी जुनं देतो. यंदा चांगलं का दिलं ते विचारायचं मला भान नव्हतं.

अधिक महिना संपला आहे. परवा, शुक्रवारी, वडगावला जायचं ठरलं आहे.

१७ मे

झोप नाही. पोस्टात गेलो. थैली फोडली तर चौथं पाकीट. तेच अक्षर. पण या वेळी नावाखाली ठळक लिहिलेलं: ‘ज्याचे त्याने स्वतः फोडून वाचावे. दुसऱ्याच्या हाती देऊ नये.’

आता आली पंचाईत. एकीकडे महिपतरावांचं पथ्य, दुसरीकडे पाकिटावरची सूचना. पाकिटावर जे लिहिलं आहे ते पोस्टमननं पाळायचं असतं, मग पत्र राजाचं असो की कस्तुराबाईंचं. वीस वर्षांत एकदाही मोडलं नाही ते आज कसं मोडू? फोडलं.

उतरवून ठेवतो:

‘भिमाजीस कस्तुराबाईचा आशीर्वाद. तीन पत्रे धाडली, एकाचीही पोच नाही. पोस्टमन असून तुला उत्तर लिहिता येत नाही काय? पुन्हा लिहिते. माझ्या नातीचे लग्न वैशाख अखेरीस आहे. वऱ्हाडास तुझ्या मागच्या दोन खोल्या पंधरा दिवस पाहिजेत, शालूच्या हातचे जेवणही पाहिजे. त्यात यंदाचे व्याज फिटले असे समजावे. गहाणाची मुदत आणखी दोन वर्षे वाढविली आहे. तुझे घर घेऊन मी काय करू? मला वखारीतून उसंत नाही. उत्तर समक्ष येऊन दे.’

टपालाच्या मेजाशी उभ्या उभ्या तीनदा वाचलं. मग पोस्टमास्तरांना दाखवलं. मग त्यांच्यासमोर रडलो, ते लिहून ठेवतो, लपवायचं काही कारण नाही. पहिल्या पत्राच्या दिवशीच हे वाचलं असतं तर महिना हसत गेला असता.

वाटप संपवून तडक खंडाळ्याला गेलो. बाई लाकडाच्या ढिगावर बसून मजुरांवर ओरडत होत्या. मी सगळं सांगितलं. सहीचंही सांगितलं.

‘नोंदनी झाली?’

‘नाही. उद्या जायचं होतं.’

‘मंग जाऊ नगं. आन घराची जुनी कागदं माझ्या पेटीत हायती, त्या माणसाला सांग.’ मग बराच वेळ माझ्याकडं बघून हसल्या. बाई हसतात हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं, या वेळी पाकिटावर तसं का लिहिलंत? म्हणाल्या, ‘येकीनं सांगितलं, पोस्टमनला पाकिटावर लिवलं तरच कळतं.’ कोण ते सांगितलं नाही. पोस्टातल्याच कुणाची तरी बायको असावी.

१८ मे, शुक्रवार

महिपतराव सकाळीच पिशवी घेऊन तयार. ‘चला, गाडीची वेळ झाली.’

मी खाकी कोट घातला, पट्टा बांधला, बिल्ला पुसून लावला, पागोटं नीट केलं. मग त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, ‘माझ्या नावची तीन पत्रं आपल्याकडे आहेत. ती द्या.’

‘कसली पत्रं?’

‘एकोणीस एप्रिल, दोन मे, नऊ मे. तारखा माझ्याकडे लिहिलेल्या आहेत. दुसऱ्याचं टपाल अडकवून ठेवलं तर काय होतं ते मी आता पोस्टमास्तरांना विचारायला जातोय. तुम्ही येता का?’

एवढ्यात दारात टांगा थांबला. कस्तुराबाई उतरल्या, हातात वखारीतली मोजायची काठी. सरळ ओसरीवर येऊन बसल्या. महिपतरावांनी काठीकडं पाहिलं, मग कोटाच्या खिशात हात घातला. तीन पत्रं निघाली. तिन्ही फोडलेली होती. म्हणजे त्यांनी वाचली होती. घराला काहीच धोका नाही हे एकोणीस एप्रिललाच त्यांना कळलं होतं आणि त्याच दुपारी त्यांनी माझी सही घेतली होती. राग आला, पण त्याहून जास्त लाज वाटली.

‘आन त्यो कागूद,’ बाई म्हणाल्या.

स्टँपाचा कागद निघाला. शालूनं तो घेतला आणि सरळ चुलीत घातला. त्यावर चहा उकळला. या वेळी साखर भरपूर होती, पण महिपतरावांना मिळाला नाही. सवयीनं मी त्यांच्याकडून तीन पत्रांची पोच लिहून घेतली. ते सही करताना शालू म्हणाली, ‘वाचून करा. सही लय वंगाळ चीज आसती.’

पंचवीस रुपये परत मिळाले नाहीत. पुण्याच्या गाडीला ते धावत गेले. इतके अनारसे पोटात असताना माणूस एवढा धावू शकतो हे पाहून मला आश्चर्य वाटलं.

२० मे, रविवार

नवसू आला. आल्या आल्या त्यानं पश्चिमेच्या सगळ्या ताट्या सोडल्या. मी म्हटलं, अरे, चांगल्या बांधल्या होत्यास की. म्हणाला, ‘चुकीच्या हातचं सुंभ व्हतं, भाऊ. आन गाठीबी म्या कच्च्याच मारल्या व्हत्या.’

भोळा माणूस. त्यानं भाबडेपणानं तो प्रश्न विचारला म्हणून माझे डोळे उघडले.

मी सुंभाची नवी गुंडाळी उचलली आणि थांबलो. या घरावर मी शालूला न विचारता सही केली होती. मालक म्हणून पुढं व्हायची मला लाज वाटली. गुंडाळी तिच्या हातात दिली. म्हटलं, ‘तू दे.’

वाटलं, नवसू अडून बसेल. त्यानं लगेच दोन्ही हात पुढं केले. बाया तोंडाला पदर लावून हसत होती.

शालूनं सुंभ दिलं. तिचे डोळे भरून आले होते. माझेही.

२७ मे, रविवार

वऱ्हाड कालपासून आलं आहे. सतरा माणसं, तीन तान्ही मुलं आणि एक पोपट. नवरदेव आमच्या मागच्या खोलीत झोपतो. ओसरीवर पानाचे डाग पडले आहेत, आडावर रांग आहे, मला माझा तांब्या सापडत नाही. असं सुख बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. कस्तुराबाई सकाळ-संध्याकाळ येऊन ओरडून जातात. आता त्यांची भीती वाटत नाही. फार थोडी वाटते.

दुपारी बाया वाडीवरून उतरली. डोक्यावर पाटी, पाटीत काळीभोर करवंदं. शालूपुढं ठेवून म्हणाली, ‘वैनी, त्या दिशी तुमच्यासाठी तोडून ठिवली व्हती, बोलन्याच्या नादात न्ह्यायची इसरलात. म्हून ही नवी आनली.’

शालू घाईनं आत गेली. मी पाटीजवळ उभा राहिलो. म्हणजे त्या दिवशी करवंदं होती. मग शालू एवढा डोंगर चढून गेली कशाला? आणि मावशी तर तळेगावलाच असते.

चूल-खोलीच्या दारात जाऊन तिला विचारलं. ती पुरण वाटत होती. मान वर न करता म्हणाली, ‘निरोप धाडायचं व्हतं. येक खंडाळ्याला, येक वाडीला. तुमी पोस्टातलं, तुमच्या हातनं कसं धाडनार?’

मी बाहेरची पाटी आत आणली. तिच्याजवळ पाटावर बसलो आणि करवंदं खाल्ली. गोड होती.